टपावरचं पाणी

जीपचा कापडी टप गळायला लागला की सल्ले सुरू होतात. पत्र्याचा टप मारून घ्या. रेडिमेड मागवा, घरपोच येतो. नाहीतर वरून ताडपत्री बांधा आणि पावसाळा काढा. यातला एकही सल्ला मला पटत नाही. जुना कापडी टप दुरुस्त होतो, आणि नीट केला तर रेडिमेडपेक्षा चांगला बसतो. त्यासाठी हात बसलेला कारागीर लागतो, धीर लागतो आणि पाणी कुठून येतंय ते शोधायची तयारी लागते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या जीपचा टप दुरुस्त करून घेतला, तेव्हा जे बघायला मिळालं ते लिहून ठेवतेय. हे ज्ञान ज्यांच्या हातात आहे ती माणसं लिहीत बसत नाहीत, आणि आपण विचारलं नाही तर ते त्यांच्यापाशीच राहतं.

आमची जीप महिंद्राची सीजे-३बी, १९७८ सालची, पेट्रोल इंजिनाची. अण्णांनी ती सरकारी लिलावात घेतली होती. अण्णा जनावरांचे डॉक्टर. कोल्हापुरातून निघून पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा असा त्यांचा फेरा असायचा. अडलेली म्हैस ऊन-पाऊस बघत नाही, त्यामुळे जीपलाही सुट्टी नसायची. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि ५५ किलोमीटरवरच्या गगनबावड्यात ५००० च्या वर. सकाळी शहरातल्या उघडिपीत निघालेला टप दुपारी घाटमाथ्यावर बदाबदा झोडपून निघायचा आणि संध्याकाळी पुन्हा वाऱ्यावर सुकत घरी यायचा. अण्णा घरी आले की आधी टपाचे पट्टे दोन बोटं सैल करायचे आणि मगच हातपाय धुवायला जायचे. आम्हाला तेव्हा ती त्यांची सवय वाटायची. ओलं सुती कापड आकसतं, आणि ताणून बांधलेलं असेल तर ते स्वतःचीच शिवण ओढून फाडतं, हे मला फार उशिरा कळलं.

सीजे-३बी ही मूळ अमेरिकेतल्या विलीज कंपनीची गाडी, १९५३ सालची. तिचं हरिकेन इंजिन आधीच्या जीपच्या इंजिनापेक्षा उंच होतं, कारण त्याचे इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपा, वर हेडमध्ये, इंजिनाच्या माथ्यात, घेतले होते. ते मावावं म्हणून बॉनेट उंच केलं. ही जीप लांबून ओळखू येते ती त्या बॉनेटवरूनच. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये थांबलं. आपल्याकडे महिंद्राने विलीजच्या जीप जोडायला घेतल्या त्या १९४०च्या दशकाच्या अखेरीस, आणि सीजे-३बी तर अमेरिकेत बंद झाल्यावरही इथे पुढे कित्येक वर्षं बनत राहिली. तहसीलदार, बीडीओ, हिवताप निर्मूलनवाले, निवडणुकीत भोंगा बांधून गावोगाव हिंडणारे, सगळे हिच्यातूनच फिरले.

टपाच्या बाबतीत मात्र ती थेट दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या घराण्यातली. पुढची काच चौकटीसकट बॉनेटवर आडवी पडते. लोखंडी पाइपाच्या कमानी मागे दुमडतात. कापड सोडवून गुंडाळून ठेवता येतं. लष्कराला गाडी झटकन उघडी करता यायला हवी होती, म्हणून टप असा केला की तो माणसाला हातांनी काढता यावा. काढता येण्यासाठी जी वस्तू बनवली तिला सैल जागा ठेवाव्या लागतात: बटणं, पट्टे, दुमडी, जोड. पाणी नेमकं तिथेच शिरतं. त्यामुळे कापडी टप एक थेंबही आत घेणार नाही अशी अपेक्षा ठेवू नये. पाणी कुठून येणार ते आपण ठरवायचं आणि त्याला बाहेरची वाट करून द्यायची, एवढं मात्र आपल्या हातात असतं.

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका बोळात चाचांचं दुकान आहे. पाटीवर 'हूड अँड कुशन' इतकंच. रोजचं काम रिक्षांचं. या शहरात रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा होतात, त्यामुळे रिक्षाचं हूड शिवणाऱ्याला इथे मान आहे आणि गिऱ्हाईकही चोखंदळ. भिंतीला रेक्झिनचे गठ्ठे, कोपऱ्यात जाड कापड शिवायची जुकी मशीन, दोरीवर टांगलेले पितळी आयलेटचे, म्हणजे कापडातल्या भोकाला बसवायच्या कड्यांचे, डबे. मी जीप दारात लावली आणि विचारलं, "चाचा, नवाच शिवूया का?"

त्यांनी टपाकडे पाहिलंही नाही. आधी आत शिरले आणि खालून वर बघितलं. मग म्हणाले, "ताई, पाणी कुठनं येतंय ते कळल्याबिगर सुई हातात घ्यायची न्हाई."

पाणी शोधायची त्यांची पद्धत मला फार आवडली. दुकानातला पोरगा टॉर्च आणि रंगीत खडू घेऊन आत बसला. चाचा बाहेरून तांब्याने पाणी ओतत होते, पण वरून नाही. सुरुवात खालच्या कडेपासून. आधी मागच्या पडद्याची तळाची दुमड, मग खिडकीची चौकट, मग पडदा आणि छत यांचा जोड, आणि छताची मधली शिवण सगळ्यात शेवटी. वरून ओतलं तर पाणी सगळ्या शिवणींवरून वाहतं आणि कुठली गळते ते कळत नाही. खालून चढत गेलं की आत पहिला थेंब दिसतो त्या क्षणी दोषी जागा सापडलेली असते. पोरगा आतून "आलं!" म्हणून ओरडायचा आणि तिथे खडूची फुली मारायचा.

माझ्या खांद्यावर पावसाळाभर जो थेंब पडायचा त्याचा माग असा लागला. मी त्या जागेच्या बरोबर वर कापड तपासत होते, आणि तिथलं कापड ठणठणीत होतं. पाणी आत येत होतं छताच्या मधोमध, मागच्या कमानीवर, जिथे कापड पाइपावर घासून जाळीसारखं झालं होतं. तिथून ते पाइपाच्या पोटाला धरून आतल्या आत बाजूला सरकत यायचं आणि रंगाची एक खपली सुटलेली होती तिथे अडून खाली पडायचं. चाचांनी ती खपली नखाने उडवली. थेंब पडायचा थांबला आणि पाणी पाइपावरूनच पुढे उतरून गाडीच्या कडेला गेलं. भोक अजून तसंच होतं, पण मला पाण्याचा स्वभाव कळला. ते जिथे दिसतं तिथलं क्वचितच असतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची निघाली. दोन कमानींच्या मध्ये छताला झोळ आला होता आणि त्यात पाणी साचत होतं. वाहतं पाणी कापडावर फार वेळ थांबत नाही, पण साचलेलं पाणी वजनाने दाबतं, धाग्यांमधून वाट काढतं, झोळ आणखी वाढवतं आणि मग आणखी साचतं. झोळ का आला? कापड ताणलं गेलं म्हणून, असं मी धरून चालले होते. चाचांनी कापडाला दोष दिला नाही. कमानींमधलं अंतर राखण्यासाठी पुढच्या काचेपासून मागच्या पडद्यापर्यंत कापडाच्या खालून दोन सुती नवारी गेलेल्या असतात. बाहेरून त्या दिसत नाहीत. आमच्या टपातल्या त्या नवारी कुजून लांबल्या होत्या, त्यामुळे मागची कमान पुढे कलली होती आणि कापडाला ताणच उरला नव्हता. वर कितीही भारी कापड घातलं असतं तरी पहिल्याच पावसात त्यालाही झोळ आला असता.

टप नवा शिवूनही महिन्याभरात पाणी साचायला लागल्याच्या ज्या कहाण्या ऐकू येतात, त्यातल्या पुष्कळशा मला वाटतं या नवारीपाशीच येऊन थांबतील. सांगाडा सरळ न करता कपडे बदलायचे, असा तो प्रकार. आम्ही आधी कमानी काढल्या. एक पाइप वाकला होता. तो उद्यमनगरातच सरळ करून घेतला. पलंगाला लावतात त्याच विणीची, पण जाड सुती नवार आणली, ती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली, सुकवली आणि मगच लावली. न भिजवता लावली असती तर ती गाडीवर आकसली असती आणि कमानी भलतीकडे ओढल्या असत्या. कमानी उभ्या करून चाचा मागे जाऊन उभे राहिले, एक डोळा मिटून दोन्ही कमानी एका रेषेत येतात का ते पाहिलं, आणि डावीकडची नवार जेमतेम बोटभर ओढून घेतली. मोजपट्टी खिशातच होती.

रेडिमेड टप का बसत नाही याचं उत्तर इथेच आहे. कारखान्यातून निघताना सगळ्या सीजे-३बी एका मापाच्या असतील, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, ८० इंचांचा, सगळं ठरलेलं. चाळीसेक वर्षांत मात्र प्रत्येक जीपची काचेची चौकट आपापल्या परीने कलते, पाइप कुणीतरी वेल्ड केलेला असतो, मागचा पत्रा ठोकलेला असतो. आमच्या जीपची उजवी बाजू डावीपेक्षा किंचित खाली आहे. एका खड्ड्यात ती तशी झाली म्हणे. रेडिमेड टपाला हे माहीत नसतं. या गाडीचं खरं माप तिच्या अंगावर वर्षानुवर्षं बसलेल्या जुन्या टपात असतं, म्हणून जुना टप फेकू नये. पण तेही माप पूर्ण खरं नाही, कारण कापड ताणलेलं असतं. चाचा दोन्हीचा मेळ घालतात. जुना टप हळूच उसवून, सपाट पसरून आकार घ्यायचा आणि मग मांजरपाटाचा कच्चा टप सरळ केलेल्या कमानींवर चढवून टाचण्यांनी दुरुस्त करायचा. मांजरपाटावर खडूच्या खुणा पडत गेल्या तशी आमच्या जीपची प्रत्येक खोड त्यावर उतरत गेली.

उसवताना एकेक जागा तपासली. कापड शिल्लक आहे की नाही हे कसं ठरवायचं, ते चाचांनी हातात देऊन दाखवलं. जुन्या कॅनव्हासची कड दोन्ही चिमटींत धरून ओढायची. चांगलं कापड करकरतं आणि धरून राहतं. गेलेलं कापड कागदासारखं टरकतं, आवाजही तसाच. आरी टोचून बघायची. भोक गोल राहिलं तर कापड जिवंत, भोकापासून चीर धावली तर त्यावर शिवण टिकणार नाही. आमच्या टपाचं छत जवळजवळ सगळं चांगलं निघालं. गेलं होतं ते फक्त कमानींवरचं आणि लोखंडी आयलेटांच्या भोवतीचं. लोखंडाचा गंज सुती धाग्याला खातो, तपकिरी डाग दिसतो तिथलं कापड आतून पोकळ झालेलं असतं. म्हणून आयलेट पितळीच घ्यावेत. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवावेत.

तेव्हा ठरलं की छत जुनंच ठेवायचं. कमानींवर आडव्या पट्ट्या, मागच्या पडद्याला नवी खिडकी, सगळ्या शिवणी नव्या.

ठिगळ लावायचं तर जुन्या कापडाला नव्या कापडाचं सरळ लावत नाहीत. जुनं कापड जितकं आकसायचं तितकं आकसून चुकलेलं असतं. नवं कोरं ठिगळ पहिल्या पावसात आवळतं आणि भोवती चुण्या पडतात, मग त्या चुण्यांत पाणी थांबतं. म्हणून ठिगळाचं कापड आधी भिजवून, सुकवून, पुन्हा भिजवून घ्यायचं. विणीचे उभे-आडवे धागे खालच्या कापडाच्या धाग्यांशी जुळवायचे, म्हणजे ताण दोघांवर सारखा येतो. कोपरे चौकोनी ठेवायचे नाहीत, कातरीने गोल करायचे. टोकदार कोपरा वाऱ्याने आधी उचलतो. कमानींवर तर नुसत्या भोकापुरतं ठिगळ न लावता चाचांनी या कडेपासून त्या कडेपर्यंत पूर्ण पट्टी घातली. त्यामुळे घासण आता पट्टीवर होते, छतावर नाही. पुढची काही वर्षं झिजायची ती पट्टी झिजेल आणि ती बदलणं सोपं आहे.

शिवणीचं तोंड कुठे वळवायचं यावर त्यांचा फार जोर होता. घरावरची कौलं जशी वरचं कौल खालच्या कौलावर चढवून लावतात, तसा इथे पुढचा तुकडा मागच्या तुकड्यावर चढला पाहिजे. गाडी उभी असताना पाणी उतारावरून जातं, पण धावताना पाऊस समोरून येतो आणि वारा पाण्याला मागे ढकलतो. मागचा तुकडा वर असेल तर धावत्या गाडीत वारा ती शिवण उघडून पाणी आत भरतो. आमच्या टपाची एक शिवण पूर्वी कुणीतरी अशी उलटी घातली होती. उभ्या गाडीत ती कधीच गळली नसती, हे तांब्याने ओतलेल्या पाण्याने दाखवूनही दिलं. चाचांनी पोराला त्या शिवणीवर समोरून जोरात फुंकर मारायला लावली, तेव्हा कापडाचा ओठ उचलला गेला आणि मगच ती सापडली.

आणि धागा. यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं. सुती धागा भिजला की फुगतो आणि सुईचं भोक स्वतःच बुजवतो. हा त्याचा मोठा गुण. पण तो कुजतो. पॉलिस्टरचा धागा कुजत नाही, उन्हातही नायलॉनपेक्षा जास्त टिकतो, पण फुगत नाही, भोक उघडंच राहतं. आत पॉलिस्टर आणि वर सुताचा वेढा अशा धाग्याने दोन्ही साधतं. चाचा धागा ओळखायला त्याचं टोक काडीने पेटवतात. सूत कागदासारख्या वासाने जळून राख होतं, पॉलिस्टर वितळून टोकाला काळा मणी धरतं. दोन्ही एकत्र असतील तर राखेच्या आत मणी सापडतो. धागा ते मेणाच्या वडीवरून ओढून घेतात. सुई शक्य तितकी बारीक, टाके लांब, इंचाला पाच-सहा. टाके दाट घातले की शिवण भक्कम होते असं वाटतं. पण दाट भोकांची रांग कापडाला तिकिटासारखी फाडायची सोय करून ठेवते.

मागच्या खिडकीचं पारदर्शक प्लॅस्टिक पिवळं पडून कडक झालं होतं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घातलेलं असतं ते उन्हाने हळूहळू निघून जातं, मग तडे जातात. ते परत मऊ करता येत नाही, बदलावंच लागतं. ते बदलताना मी जे पाहिलं त्यासाठी खरं तर हा सगळा लेख लिहावासा वाटला. मागच्या पडद्याचं कापड नवं घेतलं होतं. चाचांनी त्यात खिडकी कापली नाही. अख्ख्या कापडावर प्लॅस्टिकची शीट पसरली आणि चारी बाजूंनी शिवून टाकली, आधी एक ओळ, मग पाव इंच सोडून दुसरी. मग पडदा उलटा केला आणि आतून, शिवणीच्या अलीकडे बोटभर कड सोडून, कापड कातरून काढलं. कड आत दुमडून पुन्हा शिवली. आधी भोक पाडलं असतं तर कापडाचा ताण सुटला असता, चौकट वाकडी झाली असती, प्लॅस्टिकला लाट आली असती. कापड अखंड असताना शिवलं म्हणून खिडकी पाटासारखी सपाट बसली. इतकी साधी युक्ती, पण ती कुणालातरी पहिल्यांदा सुचली असेल आणि तेव्हापासून हातांनीच पुढे गेली असेल, या विचाराने मला त्या बोळात उभ्या उभ्या भरून आलं.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये राहते. तिच्याकडे जुनी माझदा एमएक्स-५ आहे, १९८९ मध्ये आली त्या पहिल्या पिढीतली. तिच्या टपालाही मागे प्लॅस्टिकचीच खिडकी, चेनने उघडणारी. काचेची खिडकी या गाडीला १९९८ नंतरच्या पिढीत मिळाली. टप खाली पाडायच्या आधी चेन उघडून खिडकी सपाट करायची असते, नाहीतर ती दुमडीवर चिरते, आणि थंडीत तर ती हातही लावू देत नाही इतकी ताठरते. आपल्याकडे ऊन जे करतं ते तिकडे थंडी करते. तिच्या गाडीत टपावरून उतरलेलं पाणी कापडाच्या कडेखालच्या पन्हळीत पडतं आणि सीटच्या मागच्या दोन नळ्यांतून गाडीखाली जातं. त्या नळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात साठतं आणि आतून गंज चढतो. टप शाबूत आणि गाडी मात्र खालून कुजलेली, असं होतं. ती दर शरद ऋतूत त्या नळ्या मऊ वायरने साफ करते. नव्या टपासाठी मागवलेल्या कापडाचा एक तुकडा तिने दिवाळीत येताना आणला होता. वर रंग मुरलेल्या ॲक्रिलिकचं विणकाम, मधे रबराचा थर, खाली अस्तर. चाचांनी तो चोळून पाहिला, कडेचे धागे सोडवून थर वेगळे केले आणि म्हणाले, "याला सुई मारली की रबराला भोक पडतंय. सूत फुगंल तसं रबर फुगायचं न्हाई. शिवणीवर आतनं लेप द्यायला पायजे." तिकडचे कारागीरही तेच करतात.

आपल्याकडे सुती कॅनव्हास घ्यावा की रेक्झिन, हा प्रश्न प्रत्येक जीपवाल्याला पडतो. रेक्झिनमधून पाणी आरपार येत नाही हे खरं. पण ते दुमडीवर तडकतं, उन्हात आखडतं, आणि पावसात गाडीत चार माणसं बसली की श्वासाची वाफ आतल्या बाजूला जमून डोक्यावर टपटपते. रिक्षाच्या दोन्ही बाजू उघड्या असतात, तिथे रेक्झिन चालतं. सुती कापड श्वास घेतं. भिजलं की त्याचे धागे फुगून वीण घट्ट होते, म्हणूनच नवं कॅनव्हास पहिल्या पावसात थोडं झिरपतं आणि दोन-तीनदा भिजून सुकलं की थांबतं. त्याला आतून बोट लावायचं नाही. जिथे बोट टेकतं तिथे पाणी धाग्यांतून ओढलं जातं आणि ठिपकायला लागतं. हे लहानपणी जीपमध्ये मागे बसून आम्हा भावंडांनी कितीदा अनुभवलंय. कॅनव्हासला वर्षाआड मेण द्यावं लागतं, धुताना कपड्यांची पावडर वापरायची नाही कारण ती मागे राहून कापडाला पाणी प्यायला लावते, आणि ओलं असताना कधीही घडी घालायची नाही. एवढं सांभाळायची तयारी नसेल तर रेक्झिन बरं. माझी आहे.

मेण आम्ही एप्रिलमध्ये दिलं. पॅराफिन आणि थोडं मधमाश्यांचं मेण यांची वडी. टप कमानींवर ताणून जीप भर उन्हात उभी केली, कापड हाताला चटके देईल इतकं तापलं, मग वडी घासत गेलो. मेण दिसेनासं होऊन मुरायचं. शिवणींवर दोनदा. या कापडाजवळ काडी, सिगारेट काही आणू नये, मेणाने ते लवकर पेट घेतं. सुरुवातीला धूळही बसते.

पत्र्याच्या टपाबद्दल थोडं. ही जीप उघड्या तोंडाची आहे. काचेची चौकट बिजागऱ्यांवर उभी आहे, ती वजन पेलायला केलेलीच नाही. पत्र्याचं छत तिच्यावर टेकवलं की ती हलते, खडखडते, आणि टप पक्का करायला बॉडीला जी भोकं पाडतात तिथून गंज सुरू होतो. ते एकदा केलं की मागे फिरणं अवघड. कापड मात्र कधीही उसवता येतं.

खर्चाचं विचाराल तर रेडिमेड टपाइतकाच आला. कापड कमी लागलं, हात जास्त लागले. स्वस्तात होतं म्हणून दुरुस्ती करा असं मी कुणाला सांगणार नाही. पण ते पैसे त्याच बोळात राहिले आणि एका पोराला खिडकी कशी शिवतात ते दिसलं, याला माझ्या हिशोबात मोल आहे. असे हात गावोगाव होते. वडापच्या, म्हणजे गावोगाव माणसं भरून नेणाऱ्या, जीप आणि ट्रॅक्स गाड्या कापडी टपाच्या होत्या तोवर प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक तरी हूडवाला असायचा. आता त्यातले बरेच मोटारींची सीट कव्हरं करतात. तुमच्या गावात अजून कुणी असेल तर त्याच्याकडे जा, आणि काम टाकून निघून जाऊ नका. थांबा, बघा, विचारा. मला तरी कुणी सांगायला कंटाळलेलं दिसलं नाही.

जुलैत गगनबावड्याला गेलो. पाऊस आडवा होता. छत कोरडं राहिलं, कमानींवर हात फिरवला तर पाइप कोरडे. पाणी आलं ते काचेच्या चौकटीच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांतून, जिथे कापड बटणांनी धरलेलं असतं. चाचांनी ते आधीच सांगितलं होतं. तिथे त्यांनी कापडाची एक छोटी जीभ आत वळवून दिली होती, त्यामुळे ते पाणी आता अंगावर न येता चौकटीच्या कडेने उतरतं आणि दारातून बाहेर जातं. घरी आल्यावर पट्टे दोन बोटं सैल केले.

दारांचे पडदे अजून राहिलेत. त्यांच्या चेना गंजल्यात आणि प्लॅस्टिकही पिवळं पडलंय. दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाली की ते काढायचे असं ठरलंय. चाचांनी त्यासाठी जुन्या मागच्या पडद्यातलं चांगलं कापड कापून बाजूला ठेवलंय.